लाल रंगाखालचा पत्रा

दागनीला दुकानातलं दूध आधी हुंगून बघायची सवय होती. तेही बंद खोक्यातलं. खोकं कानाशी धरून हलवायची, मग झाकणाशी नाक न्यायची. दुकानवाली आन-ब्रिट गल्ल्यामागून म्हणायची, "दागनी, त्यात बेडूक नाहीये गं."

"असं तू म्हणतेस," म्हणून दागनी मागच्या रांगेतलं दुसरं खोकं काढायची.

स्वभावच तो. लाकूडगिरणीच्या खानावळीत तिने अख्खा जन्म काढला. बटाट्याचं पोतं आलं की तळापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय गाडीवाल्याला जाऊ द्यायची नाही, आणि वर चांगले असले की तिला जास्तच संशय यायचा. गावात सगळ्यांनी तिला तसंच धरलं होतं. कोणाच्या वाट्याला गुडघेदुखी येते, दागनीच्या वाट्याला शंका आली.

पण जी शंका सगळ्यात मोठी, ती तिने कधी कोणाला बोलून दाखवली नाही. ती होती तिच्या नवऱ्याची, याल्मारची.

याल्मार गेला तो ऐन थंडीत, जमीन दगडासारखी असताना. बर्फ वितळला, चर्चमागची जमीन मऊ झाली, आणि दगड कोरणाऱ्याचा फोन आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, याल्मारचं नाव तर कोरतोच आहे, तुमचंही शेजारी कोरून ठेवू का, तारीख तेवढी मोकळी सोडू. सगळे तसंच करतात, एकदम काम होतं.

"बघते," दागनी म्हणाली.

"बघायचं काय त्यात? जागा तर दोघांची घेतलेली आहे."

"जागा घेतली म्हणजे निजलंच पाहिजे असं नाही."

मग तो उन्हाळ्यातल्या मिडसमरच्या सणाआधी सांगा म्हणाला, नंतर माझी सुट्टी असते.

आता एवढं आयुष्य ज्याच्या शेजारी काढलं, त्याच्या शेजारी नाव कोरायला बाईला विचार का पडावा? तर त्याचं मूळ त्या व्हॅनमध्ये होतं.

व्हॅन कोठारात उभी होती. जुनी व्होल्वो, पुढे दोन माणसांची जागा आणि मागे सामानाला मोकळी पोकळी. याल्मार तीत फळ्या घेऊन जायचा, मेंढ्या घेऊन जायचा, आणि रविवारी झाडून काढून दागनीला घेऊन जायचा. घेतली तेव्हा निळी होती. शेजारच्या एस्किलनेही तशीच घेतली, तीही निळी. एका दिवशी दोघं जोडीने शहरात गेले आणि जोडीने परत आले, जुळ्या भावांसारखे.

मग तो पानगळीचा महिना आला. दागनीच्या बहिणीला मूल झालं म्हणून दागनी येवले शहरात तिच्याकडे राहायला गेली होती. इकडे गावात एका संध्याकाळी पोस्टमन आल्बिनला तळ्याकाठच्या रस्त्यावर कोणीतरी उडवलं. पोस्टाची पिवळी सायकल चेपून गेली, आल्बिन खड्ड्यात पडला, पायाचं हाड मोडलं. ज्याने उडवलं तो थांबला नाही. आल्बिन एवढंच म्हणाला की व्हॅन निळी होती.

निळ्या व्हॅन दोन. पोलीस दोघांकडे गेला. एस्किल म्हणाला, माझी गाडी शेडमध्ये उघडून ठेवलीय, इंजिन बाहेर काढलंय, येऊन बघ. पोलिसाने बघितलं, इंजिन खरंच बाहेर होतं. याल्मारला विचारलं तर याल्मार म्हणाला, "नाही." बस. त्याच्यापुढे एक शब्द नाही. तो तसाही दिवसाला मोजके शब्द वापरणारा माणूस. पोलिसाने त्याच्या गाडीला चक्कर मारली, टॉर्च टाकला, अंधार झाला होता, काही दिसलं नाही म्हणून निघून गेला.

दागनी परत आली तर दारात लाल व्हॅन. खिडक्यांच्या चौकटींना मारतात तो जवसाच्या तेलातला लाल रंग, ब्रशने मारलेला, केसांच्या रेघा दिसत होत्या.

"निळा काय वाईट होता?" तिने विचारलं.

"रंग उरला होता," याल्मार म्हणाला, आणि बटाटे सोलायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिला आल्बिनची हकीकत कळली. त्या क्षणी तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी येऊन तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आमच्याकडे असंच असतं. माणसं एका टेबलावर बसून आयुष्यभर कॉफी पितात आणि तोंडात गुळणी धरल्यासारखी उठतात. गावानेही काही दिवस त्या व्हॅनकडे तिरकं बघितलं, मग बघायचं सोडलं. आल्बिन लंगडायला लागला, त्याचीही सवय झाली. दागनीला तेवढी सवय झाली नाही. माणूस चांगला होता, तिच्या आईची सेवा त्याने केली, मांजर मेलं तेव्हा रडला. पण रस्त्यात पडलेल्या माणसाला टाकून घरी येऊन जो ब्रश हातात घेतो, त्याच्या शेजारी कायमचं नाव कोरून घ्यायचं का? एवढाच प्रश्न होता.

तिने ठरवलं, लाल रंग काढायचा. खाली निळा आहे. निळ्यावर जर सायकलचा पिवळा ओरखडा असेल, तर दगडावर याल्मार एकटा. नसेल, तर बघू.

आधी तिने फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि कोठारात जाऊन पत्र्यावरून फिरवलं. ही युक्ती याल्मारचीच. जुनी गाडी बघायला गेला की खिशात चुंबक असायचं. पत्रा असेल तिथे धरतं, चेपलेला भाग पुट्टीने भरला असेल तिथे सुटतं. दारांवर धरलं. टपावर धरलं. पुढच्या उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या जरा वर, चुंबक धरेना. घसरून खाली पडलं.

दागनी तिथेच ओंडक्यावर बसली. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तेव्हा उजवी बाजू म्हणजे कडेची बाजू. सायकलवाल्याची बाजू.

आता रंग काढायचा कसा? घासकागदाने घासलं तर लालबरोबर खालचा ओरखडाही जाणार. रंग काढायचं रसायन लावलं तर सगळे थर एकदम फुगून येतात. तिला पाहिजे होतं वरचं जाऊन खालचं राहील असं काहीतरी. गिरणीतल्या माणसांकडून तिने ऐकलं होतं की हवेच्या जोरावर बारीक दाणे मारून रंग उडवतात. ती दुकानात गेली आणि आन-ब्रिटला फक्त विचारलं, मोठी ताडपत्री आहे का.

दुसऱ्या दिवशी एस्किल कुंपण ओलांडून आला. रोजच यायचा. बायको गेल्यापासून त्याची सकाळची कॉफी दागनीकडेच असायची.

"ऐकलं, गाडीचा रंग काढतेयस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"आन-ब्रिट म्हणाली."

"मी तिला ताडपत्री विचारली."

"मग ताडपत्री कशाला लागते माणसाला?" एस्किलने दालचिनीचा पाव कॉफीत बुडवला. "माझी वाळूची टाकी आहे. मोठा कॉम्प्रेसर आहे. तळ्यावरची वाळू चाळून भरतो, एका दुपारी पत्रा चांदीसारखा करून देतो."

"चांदीसारखा म्हणजे?"

"म्हणजे काही उरत नाही. रंग नाही, गंज नाही, काही नाही."

दागनीने त्याच्याकडे बघितलं. एस्किल पावाकडे बघत होता.

"आणि तुला काय मिळणार त्यात?"

"कॉफी."

"कॉफी तू आत्ताही पितोयस."

"शेजारी म्हणून म्हणतोय गं. तुला कुठे जमणार ते? आणि शहरातल्या दुकानवाल्यांच्या नादी लागू नकोस, लुटतात. मी उद्याच टाकी घेऊन येतो."

"उद्या नको."

"मग परवा."

"एस्किल, बर्फ काढायला तुला तीनदा सांगावं लागतं. आज एवढी कसली घाई?"

तो हसला, पण कॉफी अर्धी टाकून उठला. दागनीने तो अर्धा कप बराच वेळ धुतला नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. याल्मारने जाताजाता याला काही सांगून ठेवलं असेल का? मी मेल्यावर खालचं दिसू देऊ नकोस, असं काही? दोघं जिवाभावाचे. हुडिक्सवाल शहराला जाणारी बस दुपारी होती, तिने ती पकडली.

हत्यारांचं दुकान बंदराजवळ होतं. आत येर्कर नावाचा माणूस, केस तेल लावून मागे फिरवलेले, दंडावर बाईचं चित्र, आणि दारात त्याची स्वतःची लांबलचक अमेरिकन गाडी. दागनीला तो बघताक्षणी पटला नाही. फार हसत होता.

"बोला आजी. रंग काढायचाय की गंज?"

"लाल रंग काढायचाय. खालचा निळा ठेवायचाय."

येर्करचं हसू थांबलं. "निळा ठेवायचाय."

"हो."

"मग निळ्यावर काय करणार?"

"ते मी बघेन."

"आजी, गाडी तुमचीच आहे ना?"

"नवऱ्याची. तो वारला."

"अरेरे."

"तू काय त्याला ओळखत नव्हतास. मशीन दाखव."

येर्करने तरी तिला एकदा नीट बघून घेतलं. म्हातारी बाई चोरीच्या गाडीचा मूळ रंग शोधते आहे असं त्याला वाटलं असावं. दोघं एकमेकांवर नजर ठेवून दुकानभर फिरले.

आधी त्याने एक छोटी बंदूक दाखवली, वर पेला लावलेली. "ही स्वस्त. गंजलेला बोल्ट साफ करायला बरी. व्हॅन करायला बसलात तर पुढचा हिवाळा येईल."

"मग दाखवलीस कशाला?"

"न दाखवता सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, महागडी गळ्यात मारतो."

हे बरोबर होतं. दागनीने बंदूक बाजूला सारली.

"वाळू?" तिने विचारलं. "माझा शेजारी म्हणतो वाळूने चांदीसारखं होतं."

"वाळू मी फुंकायला देत नाही. तिची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. आणि जुन्या व्हॅनचा पत्रा पातळ. वाळू आपटून आपटून तो तापतो, मग तळ्यावर वारा सुटल्यासारखा लाटालाटांचा होतो. शेजाऱ्याला तुमचं भलं बघवत नाही का?"

"ते मलाही कळत नाहीये," दागनी म्हणाली.

मग त्याने एक पोतं उघडलं. आत तपकिरी भरडा. "आक्रोडाची टरफलं."

"थट्टा करतोस माझी?"

"देवाशपथ. मऊ असतात, पत्र्याला लागत नाहीत. आणि हा दुसरा, सोडा. केकमध्ये घालता ना, त्याचाच दांडगा भाऊ. दाणा आपटला की दाणाच फुटतो, खालचं शाबूत राहतं. टाकीत भरायचा, हवेच्या दाबाने नळीतून मारायचा."

"असं तू म्हणतोस."

दागनीने पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. व्हॅनच्या पेट्रोलच्या तोंडावरचं झाकण. घरून निघताना तिने स्क्रू काढून बरोबर घेतलं होतं. "यावर करून दाखव. दोन्ही."

येर्करने झाकण हातात घेतलं, नखाने रंग दाबला, नखाची खूण उमटली. "हा कसला रंग?"

"खिडक्यांचा. जवसाच्या तेलातला."

"गाडीला? ब्रशने?"

"उरला होता."

आता मात्र येर्कर खराखुरा हसला. "माझ्या आजोबांनी असाच उरलेला बोटीला लावला होता, पुढचे दोन उन्हाळे जो बसेल त्याच्या ढुंगणाला लागायचा. आपल्याकडची माणसं ना, उरलेला रंग टाकून देतील तर शपथ."

मागच्या खोलीत काचेची पेटी होती, हात घालायला भोकं असलेली. आधी टरफलं मारली. ती लाल रंगावरून रबरावर पडल्यासारखी उसळली. मग सोडा. येर्करने दाब अगदी कमी केला, नळी लांब धरली. थोडा वेळ काही झालं नाही. मग लाल रंगाची कड उचलली गेली आणि साय निघावी तसा एक तुकडा सुटला. खाली निळा. त्या निळ्यावर याल्मारच्या पेट्रोल भरण्याचे बारीक चरेही तसेच होते.

दागनीने काचेला नाक लावलं. चरेसुद्धा राहतात म्हटल्यावर ओरखडाही राहणार.

"हेच," ती म्हणाली.

"तुमच्याकडे कॉम्प्रेसर कुठला आहे?"

"टायर भरायचा."

"त्याला दम लागेल. यात बंदूक निवडायची नसते आजी, हवा निवडायची असते. हवा कमी पडली की सगळं फुसकं. माझा मोठा भाड्याने घ्या, त्याला पाणी गाळायचं भांडंही आहे. हवेत ओल आली की सोड्याचे गोळे होतात. शनिवारी मी आणून देतो."

"तू कशाला आणून देणार?"

"तुमची व्हॅन बघायचीय मला. तसल्या राहिल्यात कुठे आता?"

"लांबून बघ," दागनी म्हणाली.

शनिवारी तो आला, कॉम्प्रेसर उतरवला, नळ्या जोडून दिल्या, व्हॅनभोवती हात मागे बांधून एक चक्कर मारली. जाताना सांगून गेला की फुलझाडं झाका, सोड्याने जळतात, आणि नवा रंग मारायच्या आधी पत्रा व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग धरणार नाही. दागनीने ते ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर सगळ्या नळ्या एकदा सोडून पुन्हा जोडल्या. कोणी घट्ट केल्यात म्हटलं तर आपण एकदा बघावं.

मग तिने रुबार्बच्या वाफ्यावर चादरी टाकल्या, अंगणात ताडपत्री पसरली, व्हॅन कोठारातून बाहेर काढून उन्हात आणली. याल्मारचा रेनकोट घातला, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा. मागच्या दारापासून सुरुवात केली. पहिल्यांदा नळी सापासारखी ओढ घेत होती. मग जमलं. पांढरा धुरळा उठायचा आणि त्यातून निळा वर यायचा. मागचं दार झालं, डावी बाजू झाली. एवढ्या वर्षांनी ती गाडी अशी अर्धी निळी बघून तिला जरा वेगळंच वाटलं, ती ज्या मुलाच्या शेजारी बसून पहिल्यांदा शहरात गेली होती तो मुलगा आठवला. तिने तो विचार झटकला. आधी मडगार्ड.

पण मडगार्डशी आल्यावर ती आत जाऊन कॉफी करून प्यायली. मग खिडकीच्या कुंडीला पाणी घातलं. मग पुन्हा एक कप. बाहेर आली तर कुंपणाशी एस्किल उभा.

"कॉफी पाहिजे तर आत आहे," ती म्हणाली.

"नको. बघतो." कोपर कुंपणावर ठेवून तो उभाच राहिला.

तिने मास्क चढवला. उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या वर, लाल रंग सुटेना. इतरत्र एक थर होता, इथे थरावर थर. ती मारत राहिली, रंग पापुद्र्यापापुद्र्याने निघत राहिला, एकाखाली एक लालच. चुंबक इथेच सुटलं होतं. पुट्टी असेल तर आता पांढरी दिसेल, असं ती मनाशी म्हणत होती. शेवटचा लाल पापुद्रा उडाला.

खाली निळा होता. गुळगुळीत, अखंड, चेप नाही, पुट्टी नाही. पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

दागनीने हवा बंद केली आणि चष्मा काढून जवळ गेली. आता दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, झालं, संपलं. तिला लगेच वाटलं की मडगार्डच बदलला असेल. ती ताडपत्रीवर आडवी झाली आणि चाकाच्या वरच्या कडेला आतून बोट फिरवलं. गाडी आणली त्याच उन्हाळ्यात फाटकाच्या लोखंडी आकड्याने तिथे एक टवका उडाला होता, चंद्रकोरीसारखा. याल्मार त्या दिवशी जेवला नव्हता. टवका जागेवर होता. मडगार्ड तोच.

चुंबक सुटलं होतं ते नुसत्या जाड रंगामुळे. मग त्याच जागी एवढे थर का? ती उठून बसली आणि तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला गाव जमलेलं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या मडगार्डवर. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, मी नाही केलं, या आणि बघा. याल्मारला ते तोंडातून काढणं जमलं नाही, म्हणून त्याने ब्रश घेतला. लोक जिथे बघत होते तिथे परत परत फिरवला. रंगाने लोक बघायचे थांबतील असं त्याला वाटलं. वेडा माणूस. शब्दापेक्षा डबाभर रंग त्याला स्वस्त पडला.

तिने मान वर केली. एस्किल कुंपणाशी नव्हता.

ती तशीच, रेनकोट न काढता, व्हॅनमध्ये बसली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती आल्बिनकडे गेली. आल्बिन आता गावच्या वृद्धाश्रमात राहायचा, खिडकीशी, पाय स्टुलावर.

"दागनी, पीठ सांडलं का अंगावर?"

"सोडा आहे. आल्बिन, एक विचारते. तुला कोणी उडवलं?"

आल्बिनने खिडकीबाहेर उभी असलेली अर्धी लाल, अर्धी निळी गाडी बघितली.

"पोलिसाने रंग विचारला होता," तो म्हणाला. "कोण, असं तू पहिल्यांदा विचारतेयस."

"मग सांग."

"व्हॅनमधून कुत्रं भुंकलं. मी खड्ड्यात होतो आणि ते भुंकत लांब गेलं. याल्मारकडे कुत्रं होतं का कधी?"

दागनी खुर्चीवर बसली. कुत्रं एस्किलकडे होतं. पुढच्या सीटवर बसायचं ते, माणसासारखं. आणि इंजिन बाहेर काढायला हुशार माणसाला किती वेळ लागतो?

"तू बोलला का नाहीस?"

"पुढच्या पानगळीला माझ्या दारात बर्चची लाकडं येऊन पडली. फोडलेली, वाळलेली, रचलेली. मग दर वर्षी. मी इथे येईपर्यंत." आल्बिनने पाय जरा हलवला. "चांगली लाकडं होती. तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. काय बोलणार?"

"आणि याल्मार?"

"त्याला मी सांगितलं होतं. रंग मारून झाल्यावर. म्हणाला, राहू दे, त्याची बायको आजारी आहे."

"मला नाही सांगितलं त्याने."

"तुला कशाला सांगेल?" आल्बिनला खरंच नवल वाटलं. "तू तर त्याला ओळखत होतीस ना."

दूध हुंगलं होतं, बटाटे चाचपले होते, आणि घरातल्या माणसाला विचारायचं तेवढं राहिलं होतं. येताना तिने आणलेलं काही नव्हतं, नुसतीच आली होती. उद्या पाव घेऊन येते म्हणाली.

घरी आली तेव्हा तिने एस्किलला हाक मारली. तो लगेच आला, जणू दाराशीच उभा होता. त्याच्या हातात वाळूची टाकी नव्हती, टोपी होती.

"एस्किल, तुझ्या कुत्र्याचं नाव काय होतं रे? तेव्हाच्या."

त्याने टोपी फिरवली. एकदा, परत एकदा. "पोंतुस."

"हो. पोंतुस. भुंकायचा फार."

"भुंकायचा."

बस, एवढंच. दागनीने तोंडावर आलेलं बरंच काही गिळलं. त्यात चार शिव्या होत्या आणि त्या त्याच्या हक्काच्या होत्या. मग तिने बादली त्याच्यापुढे सरकवली. "यात व्हिनेगर आहे. सोडा धुवायचा, सगळ्या बाजूंनी. उरलेला लाल मी काढते. मग निळा मारायचाय, आणि तो तू मारायचास. रोज सकाळी कॉफीला आलास की ती निळी उभी असेल इथे, दारात."

एस्किलने बाह्या वर केल्या. मडगार्डपाशी वाकला, ओलं फडकं त्या निळ्यावर ठेवलं आणि हळूहळू पुसायला लागला. त्याचे खांदे हलत होते. दागनी आत जाऊन कॉफी टाकून आली. तो धूत होता तोवर ती पाठीमागे उभी राहून बघत होती, कोपरे सोडतो का ते.

दगड कोरणाऱ्याला तिने सोमवारी फोन केला. "माझं नाव घाल. शेजारी घाल, खाली नको. खाली मी का?"

मिडसमरच्या आदल्या दिवशी निळी व्हॅन चर्चमागे थांबली. दगड उभा होता, याल्मार आणि दागनी, एका ओळीत, तिच्या पुढे जागा मोकळी. अक्षरं काळी, चकचकीत. तिने चष्मा लावला, वाकली, आणि आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरात अंगठ्याचं नख घालून बघितलं. नुसती रंगवली असतील म्हणून.

नख आत गेलं. कोरलेली होती. मग तिने याल्मारच्या अक्षरातही नख घातलं.